गिमवीची गोगलगाय आणि न विचारलेले प्रश्न

'उन्हाळी लागली' हे दोन शब्द कोकणात, गोमंतकात किंवा बेळगावकडे कुणाला समजावून सांगावे लागत नाहीत. लघवीला जळजळ होते, थेंब थेंब होते, कधी लालसर दिसते. मग घरातले वडीलधारे माणूस निर्णय देते की उष्णता झाली आहे. धने-जिऱ्याचे पाणी पी, सब्जा भिजवून घे, एखादे शहाळे आण. बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत बरे वाटतेही. या उपायांशी माझे काही भांडण नाही. भांडण आहे ते त्या शब्दाशी. 'उन्हाळी' म्हटले की पुढचे विचारणे थांबते. लघवी लाल का झाली, ते लाल म्हणजे रक्त तर नव्हे ना, हा माणूस गेल्या वर्षभरात कुठल्या पाण्यात उतरला होता, यातला एकही प्रश्न मग कुणाच्या तोंडून निघत नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे, की रोगनिदान यंत्रापासून सुरू होत नाही, ते प्रश्नापासून सुरू होते. आणि काही रोग असे आहेत, की ते योग्य प्रश्न विचारल्याखेरीज कधीच सापडत नाहीत. पर्णकृमींचे रोग हे त्यातले ठळक उदाहरण. पानासारखे चपटे असणारे हे कृमी इंग्रजीत फ्लूक म्हणून ओळखले जातात. कुणी यकृतात राहतात, कुणी आतड्यात, कुणी फुफ्फुसात, तर कुणी थेट रक्तवाहिन्यांत. हे सगळे दूरदेशीचे प्रकरण आहे असे वाटत असेल, तर आपल्याच कोकणातल्या एका गावाची हकीगत सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यात गुहागर तालुक्यात गिमवी नावाचे गाव आहे. १९५२ साली आर. के. गाडगीळ आणि एस. एन. शाह या संशोधकांनी वैद्यकीय नियतकालिकातून जाहीर केले, की या गावात माणसांच्या लघवीत शिस्टोसोमा हिमॅटोबियम या रक्तातल्या पर्णकृमीची अंडी सापडतात. एखाददुसऱ्या परदेशाहून आलेल्या माणसाच्या नव्हे, गावातच राहणाऱ्या लोकांच्या लघवीत! वैद्यकीय जगाला हा धक्काच होता. हा रोग इजिप्तचा आणि आफ्रिकेचा मानला जाई. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ साली कैरोत तो कृमी प्रथम पाहिला, म्हणून रोगाला बिल्हार्झिया असेही म्हणतात. भारतात अधूनमधून एखादा रुग्ण सापडे, पण तो रोग बाहेरून घेऊन आलेला असे. इथल्या मातीत, इथल्या पाण्यात हा रोग रुजलेला नाही, असेच सारे धरून चालले होते.

तसे धरून चालण्याला कारणही होते. या कृमीचे जीवनचक्र गोगलगायीशिवाय पुरे होत नाही. रुग्णाच्या लघवीतून अंडी पाण्यात पडतात. अंड्यातून निघालेली अळी विशिष्ट जातीच्या गोड्या पाण्यातल्या गोगलगायीत शिरते. तिथे तिची हजारोंनी वाढ होते आणि शेपटीच्या सूक्ष्म अळ्या पुन्हा पाण्यात सुटतात. कुणी पाण्यात उतरले, की त्या काही मिनिटांत अखंड कातडीतून आत शिरतात. जखम लागत नाही, पाणी प्यावे लागत नाही. कपडे धुणे, पोहणे, गुरे धुणे एवढे पुरे. पुढे त्यांची वाढ होऊन नर-मादीची जोडी मूत्राशयाभोवतीच्या रक्तवाहिन्यांत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकते. आफ्रिकेत या कृमीला जी गोगलगाय लागते ती बुलिनस जातीची, आणि ती भारतात नाही. गोगलगाय नाही तर रोग नाही, असा सरळ हिशेब होता.

हा हिशेब गिमवीने चुकवला. तिथे कृमीला वेगळीच यजमान मिळाली होती. फेरिसिया टेन्युइस हे तिचे शास्त्रीय नाव. नेहमीच्या गोगलगायीसारखे वळ्यांचे शंखही तिच्या पाठीवर नसते. ओढ्यातल्या दगडांना चिकटलेली ती टोपीसारखी बारीकशी टिकली दिसते. बघणाऱ्याने ती गोगलगाय आहे हेच ओळखू नये अशी! १९५५ साली या गोगलगायीत अळ्यांची वाढ होते हे प्रयोगशाळेत दाखवून देण्यात आले. १९८१ साली बी. बी. गायतोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा गिमवीवरचा आणखी एक अभ्यास प्रसिद्ध झाला. (गायतोंडे हे आडनाव वाचून गोमंतकीय वाचकांचे कान टवकारणारच!)

आता मला या गोष्टीतला सर्वांत महत्त्वाचा भाग वाटतो तो असा. कृमी १९५२ साली गिमवीत आला नाही. १९५२ साली तो फक्त दिसला. त्याआधीही त्या ओढ्यात तो होता, माणसांच्या शरीरात होता, लघवी लाल होत होती. फरक इतकाच पडला, की कुणीतरी ती लघवी काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली धरली. त्या कृमीचे अंडे जंतूंच्या मानाने अवाढव्य असते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून मोठे, आणि एका टोकाला काट्यासारखे टोक आलेले. एकदा पाहिले की डोळ्यांपुढून जात नाही. म्हणजे ओळखायला ते कठीण नाही. कठीण आहे ते तिथे बघावेसे वाटणे.

बघावेसे न वाटण्याची इजिप्तची गोष्ट तर फारच बोलकी आहे. नाईलकाठच्या खेड्यांत हा रोग इतका सार्वत्रिक होता, की मुलांच्या लघवीतून रक्त जाणे ही मुलगा वयात आल्याची खूण समजली जाई. सगळ्यांनाच होते ते मग रोग राहत नाही, ती रीत होते. आपली 'उन्हाळी' त्याच जातीची आहे. ऋतूने दिलेली म्हणून आपण ती स्वीकारतो.

आणि हे प्रकरण निव्वळ जळजळीचे नाही. मादी जी अंडी घालते त्यातली बरीचशी बाहेर पडतच नाहीत. ती मूत्राशयाच्या भिंतीत अडकतात, तिथे सूज आणि व्रण होतात, मूत्रपिंडांवर दाब येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली हा कृमी माणसात कर्करोग घडवणारा म्हणून पहिल्या गटात नोंदवला, मूत्राशयाच्या कर्करोगामुळे. बायकांच्या बाबतीत ही अंडी गर्भाशयाच्या मुखाशी आणि योनिमार्गात अडकतात. तिथल्या व्रणांना गुप्तरोग समजून आफ्रिकेत कितीतरी बायकांवर चुकीचे उपचार होतात आणि वर घरच्यांचा संशय पदरी येतो. एका न विचारलेल्या प्रश्नाची किंमत ही अशी असते. २०२१ साली जगात २५ कोटींहून अधिक माणसांना या रोगगटासाठी प्रतिबंधक औषधाची गरज होती, असा त्याच संघटनेचा अंदाज आहे.

गिमवीतला संसर्ग पुढे औषधोपचार आणि नियंत्रणाच्या प्रयत्नांनी ओसरला. आज तिकडे जाणाऱ्याने घाबरण्याचे काही कारण नाही, आणि त्या गावाकडे बोट दाखवण्याचे तर मुळीच नाही. उलट गिमवीचे आपण ऋणी असायला हवे. पण रोग ओसरला तशी त्याची आठवणही ओसरली, ही मात्र चिंतेची गोष्ट आहे. पुस्तकात 'भारतात रत्नागिरी जिल्ह्यात एक केंद्र' अशी एक ओळ येते, परीक्षेपुरती पाठ होते आणि विसरली जाते.

असा विसर परवडत नाही हे २०१४ साली युरोपने अनुभवले. फ्रान्सच्या कॉर्सिका बेटावर काव्हू नावाची नितळ पाण्याची नदी आहे. तिथे सुट्टीत पोहून आलेल्या लोकांच्या, त्यांत लहान मुलेही होती, लघवीतून रक्त जाऊ लागले. त्यांतले कित्येक आफ्रिकेत कधीच गेले नव्हते. शोध घेता शंभराहून अधिक रुग्ण निघाले. कृमीची जनुके तपासली तेव्हा तो माणसाच्या आणि गुरांच्या कृमींचा संकर निघाला, पश्चिम आफ्रिकेतल्या कृमींशी नाते सांगणारा. कुणीतरी एक बाधित माणूस त्या पाण्यात उतरला असणार, आणि योग्य गोगलगाय तिथे वाट पाहतच होती. फ्रान्समध्ये हे होऊ शकते, तर आपण कोणत्या भरवशावर निर्धास्त आहोत?

आता गिमवीहून जरा घाट चढून बेळगावकडे येऊ. गोव्याहून अनमोड, लोंढा, खानापूर करत बेळगावला जाणाऱ्याला शहर येण्याआधी मच्छे गाव लागते. कारखाने आहेत, विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचा परिसर आहे, हलगा-मच्छे बायपासच्या वादामुळे गावाचे नाव वर्तमानपत्रांत वर्षानुवर्षे गाजत राहिले. पण वाद पेटला तोच मुळी पिकाऊ जमिनीवरून, कारण हा सारा पट्टा भाताचा. पावसाळ्यात बांध भरलेले, तळ्यांत गुरे उतरलेली, माणसे घोट्यापर्यंत चिखलात. भात, गुरे, तळे आणि गोगलगाय ही चौकडी जिथे जमते तिथे पर्णकृमीला बिऱ्हाड मिळते. हे केवळ मच्छेचे नाही. सत्तरी, खानापूर, चंदगड, सावंतवाडी, सगळीकडे चित्र तेच.

अशा गावांतल्या शेतकऱ्याला विचारा. गुरांचा लिव्हर फ्लूक त्याला नवा नाही. जनावर खंगते, दूध आटते, शेण पातळ होते, जबड्याखाली पाणी साठून सूज येते. गुरांचा डॉक्टर शेण तपासतो, औषध पाजतो आणि तळ्याकाठचे गवत चारू नका म्हणून बजावतो. ही आपल्याकडची जुनी, मुरलेली विद्या आहे. १९२१ साली मुंबईत एम. बी. सोपारकर यांनी गुरांच्या रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमाच्या एका जातीची गोगलगायीतून सुटणारी अळी वर्णन केली होती. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी आपल्या माणसांनी आपल्या डबक्यांतल्या गोगलगायी फोडून पाहिल्या आहेत! पण तीच विद्या गोठ्यातून घरात येत नाही. त्याच शिवारात, त्याच पाण्यात उभ्या असलेल्या माणसाला मात्र ते प्रश्न कुणी विचारत नाही.

एक साधे उदाहरण घ्या. लावणीच्या दिवसांत पायांना खाज सुटते, बारीक पुरळ उठतो. कुणी खताला दोष देते, कुणी चिखलाला, कुणी चिखल्या म्हणून मलम लावते. बऱ्याचदा ते खरेही असते. पण गुरांच्या आणि पाणपक्ष्यांच्या शिस्टोसोमाच्या अळ्याही माणसाच्या कातडीत शिरतात. आपल्या शरीरात त्यांचे पुढे काही चालत नाही, त्या कातडीतच मरतात आणि मागे खाज ठेवतात. भारतातल्या भातशेतीतून, आसामातून, अशा खाजेच्या नोंदी आहेत. ही खाज जीवघेणी नाही. पण पाण्यात काय चालले आहे याची ती पहिली वर्दी असते.

यकृतातला पर्णकृमीही माणसाला क्वचित होतो. पाण्यातली किंवा पाण्याकाठची भाजी कच्ची खाल्ली, की तिच्यावर चिकटलेली अळी पोटात जाते. सुरुवातीला ताप, उजव्या बरगडीखाली दुखणे आणि रक्तात इओसिनोफिल पेशींची वाढ दिसते. या काळात मलात अंडी सापडत नाहीत, कारण कृमी वयात यायला तीन-चार महिने लागतात. पुढे तो पित्तनलिकेत बसतो आणि कावीळ होते. मग खडा समजून नलिकेत नळी घालावी, आणि खड्याऐवजी वळवळणारे पान बाहेर यावे, असे प्रसंग वैद्यकीय नियतकालिकांत नोंदलेले आहेत.

यात एक गंमतही आहे. एखाद्याने बाधित बकऱ्याची किंवा बैलाची कलेजी खाल्ली, तर तिच्यातली मेलेली अंडी त्याच्या मलातून जशीच्या तशी बाहेर पडतात. माणसाला रोग नसतो, तपासणीत मात्र अंडी दिसतात. म्हणून जाणता तपासनीस विचारतो, 'गेल्या आठवड्यात काळीज खाल्ले होते का?' आणि काही दिवस ते बंद ठेवून पुन्हा नमुना मागतो. पाहा, इथेही निर्णय शेवटी काचेवर होत नाही, तो जेवणाच्या ताटाविषयी विचारलेल्या प्रश्नावर होतो.

आतड्यातला मोठा पर्णकृमी तर मुंबईच्या उंबरठ्यावर सापडला होता. डुकरे, साचलेले पाणी आणि शिंगाड्यासारख्या पाणवनस्पतीची फळे दाताने सोलण्याची सवय, या तिन्ही गोष्टी जिथे एकत्र येतात तिथे हा कृमी आढळतो. १९६६ साली मुंबईतून त्याची नोंद झाली, आणि १९७२ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघर तालुक्यातली पाहणी प्रसिद्ध झाली. म्हणजे गिमवी हा एकटादुकटा अपवाद नव्हता. जिथे कुणी मन लावून पाहिले, तिथे काही ना काही दिसले.

फुफ्फुसातल्या पर्णकृमीचा किस्सा मला विशेष आवडतो. १८७९ साली फोर्मोसात, म्हणजे आजच्या तैवानात, रिंगर नावाच्या डॉक्टरला एका पोर्तुगीज माणसाच्या शवविच्छेदनात फुफ्फुसात हा कृमी सापडला. पुढच्या वर्षी चीनमध्ये पॅट्रिक मॅन्सन याच्याकडे एक चिनी अधिकारी दुसऱ्याच कसल्या तक्रारीसाठी आला आणि बोलता बोलता गालिच्यावर थुंकला. थुंकीला गंजाचा रंग होता. दुसरा कुणी डॉक्टर रागावला असता. मॅन्सनने ती थुंकी उचलून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, आणि त्यात अंडी दिसली!

हा कृमी कच्च्या किंवा अर्धकच्च्या गोड्या पाण्यातल्या खेकड्यांतून येतो. खोकला, छातीत दुखणे, थुंकीतून रक्त, एक्स-रेमध्ये डाग, सगळी चिन्हे क्षयाची. मणिपूरमधून १९८०च्या दशकापासून असे रुग्ण सातत्याने नोंदले गेले, आणि त्यांतल्या अनेकांनी आधी क्षयाची औषधे विनाकारण घेतलेली होती. आपल्याकडे खेकडा शिजवून खातात ही भाग्याची गोष्ट. तरी ओढ्यातले खेकडे मुलांनी शेकोटीत अर्धेकच्चे भाजून खाणे, किंवा रश्शासाठी खेकडे वाटलेल्या पाट्यावरच न धुता कोशिंबीर चिरणे, हे टाळलेलेच बरे.

क्षयाचा विषय निघालाच आहे तर एक विचार मांडतो. आता क्षयाच्या निदानासाठी थुंकीतली जनुके ओळखणारी यंत्रे आली आहेत. ती सूक्ष्मदर्शकापेक्षा किती तरी अधिक रुग्ण पकडतात, औषधाला न जुमानणारा क्षयही सांगतात. त्यांचे स्वागतच आहे. पण यंत्राला जो प्रश्न घातला त्याचेच उत्तर ते देते. क्षय आहे की नाही, एवढेच. मॅन्सनच्या डोळ्याला कुणी काहीच विचारले नव्हते, तरी त्याने पाहिले. नळी यंत्रात सरकवली जाते, कागद बाहेर येतो, 'नाही' असे लिहिलेले असते, आणि रक्त ओकणारा माणूस त्या कागदासह घरी जातो. यंत्रे वाढवताना बघणारे डोळे कमी होत असतील, तर तो सौदा महागात पडेल.

हेच सध्या बोकाळलेल्या 'फुल बॉडी चेकअप'चे. साठ-सत्तर चाचण्या, रंगीत अहवाल, हिरव्या-तांबड्या खुणा. त्यात मलाची तीन वेगवेगळ्या दिवशी केलेली तपासणी सहसा नसते. दुपारच्या लघवीचा गाळ नसतो. आता दुपारचीच का? कारण या मूत्राशयाच्या कृमीची अंडी दुपारी सर्वांत जास्त पडतात, साधारण सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान. प्रयोगशाळेत मात्र सर्वत्र पहाटेची पहिली लघवी मागतात. ती बाकी बऱ्याच गोष्टींसाठी योग्यच आहे. पण ज्याला गिमवी ठाऊक आहे तोच दुपारची मागील, ठाऊक नाही तो अंडी असूनही 'काही आढळले नाही' असे लिहून मोकळा होईल.

आणखी एक समज दूर करायला हवा. शाळा-अंगणवाड्यांतून मुलांना जंताची गोळी देतात, अल्बेंडाझोल. फार चांगला कार्यक्रम आहे. पण ती गोळी गोल जंतांसाठी. पर्णकृमींना ती एक गोळी पुरत नाही. शिस्टोसोमासाठी प्राझिक्वांटेल लागते, यकृताच्या फॅसिओलासाठी तेही चालत नाही, ट्रायक्लाबेंडाझोल लागते. म्हणजे 'जंत असतील, घे गोळी' हा घरगुती न्याय इथे लागू नाही. कोणता कृमी हे ठरल्याशिवाय औषध ठरत नाही.

गोमंतकीयांना हे सारे माहीत असायला एक खास कारण आहे. पणजीचे वैद्यकीय विद्यालय १८४२ सालचे. तिथून शिकून बाहेर पडलेले डॉक्टर पोर्तुगीजांच्या आफ्रिकेतल्या वसाहतींत आरोग्य अधिकारी म्हणून गेले. मोझांबिकसारख्या देशात त्यांनी बिल्हार्झियाचे रुग्ण रोजच पाहिले असणार. त्याच विद्यालयाचे संचालक झालेले बाणावलीचे फ्रोइलान द मेल हे तर परोपजीवींचे नावाजलेले अभ्यासक होते. पूर्व आफ्रिकेत गोमंतकीयांच्या पिढ्या गेल्या. आजही आपली मुले बोटीवर आणि बांधकामावर आफ्रिकेत जातात, सुट्टीत व्हिक्टोरिया किंवा मलावीसारख्या सरोवरात पोहून येतात. हा कृमी शरीरात वर्षानुवर्षे जगतो. त्यामुळे पाच वर्षांपूर्वी परतलेल्या तरुणाच्या लघवीत आज रक्त दिसले, तर डॉक्टरने विचारायला हवे की आफ्रिकेत कधी तळ्या-नदीत उतरला होतास का. न विचारल्यास खडा शोधला जाईल, गाठ शोधली जाईल, दुर्बिण घातली जाईल, आणि दहा मिलिलिटर लघवी गाळून जे पाच मिनिटांत दिसले असते ते शेवटी दिसेल, किंवा दिसणारच नाही.

आता पुन्हा मच्छेकडे येतो, कारण तिथे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे, भाषेचा. सीमाभागातला मराठी माणूस बेळगावच्या दवाखान्यात जातो तेव्हा समोरचा डॉक्टर कानडी असेल, केरळचा असेल, उत्तर भारतातला असेल. केसपेपर इंग्रजी, फलक कानडी. त्या राजकारणात मला इथे शिरायचे नाही. पण शेतकरी बाई 'उन्हाळी लागलीय' म्हणाली, तर त्या शब्दाचे इंग्रजी भाषांतर फार तर 'जळजळ' असे होते. ती लाली, तो रंग, तो किती दिवसांपासून, हे सारे भाषांतरात गळून जाते. आणि पुरुष डॉक्टरपुढे बाई ते पुन्हा सांगत नाही. म्हणून मला वाटते, सीमेवरच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात रुग्णाच्या बोलीत नीट विचारणारे एक माणूस असणे ही भाषिक मागणी नाही, ती वैद्यकीय गरज आहे. आशाताई हे काम उत्तम करू शकतात. त्यांना फक्त काय विचारायचे ते शिकवायला हवे.

काय विचारायचे? फार काही नाही. लघवीचा रंग कसा आहे, आणि शेवटच्या थेंबांना लाली येते का? गेल्या काही वर्षांत कुठे राहिलात, कुठल्या पाण्यात पोहलात? शेतात उतरल्यावर खाज सुटते का? पाण्यातली भाजी, शिंगाडे कच्चे खाता का? खेकडे कसे खाता? गोठ्यात जनावराला फ्लूक निघाला होता का? ही विचारपूस पाच मिनिटांची. तिला वीज लागत नाही, रसायने लागत नाहीत.

आणि दुसरी मागणी वैद्यकीय महाविद्यालयांकडे. बांबोळीला, बेळगावला आणि कोल्हापूरला शिकणाऱ्या मुलांना गिमवीची हकीगत एका ओळीत उरकू नका. ती आपल्या घरची आहे. दोन माणसांनी, साध्या सूक्ष्मदर्शकाने, साऱ्या पुस्तकांना खोटे ठरवले, हे ऐकून एखाद्या विद्यार्थ्याला काचेवर दोन मिनिटे जास्त नजर ठेवावीशी वाटेल. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञालाही तेवढा वेळ द्या. दिवसाला शेकडो नमुने उरकायला लावून त्याच्याकडून अंडे सापडण्याची अपेक्षा ठेवू नये.

वाचकांना शेवटी एकच सांगणे. हे वाचून लगेच आपल्याला कृमी झाला असे कुणी समजू नये. लघवीत रक्त दिसण्याची नेहमीची कारणे वेगळीच असतात. मूतखडा, जंतुसंसर्ग, कधी गाठ. त्यांतले एकही धने-जिऱ्याच्या पाण्यावर सोडून देण्यासारखे नाही. तेव्हा सब्जा जरूर घ्या, शहाळेही प्या; पण लघवी लाल दिसली तर ती एकदा तपासून घ्या, आणि डॉक्टरने विचारले नाही तरी कुठल्या पाण्यात उतरला होता ते आपण होऊन सांगा.